गाडी नवी, टायर तोच, पंक्चर चौथं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल हॅचबॅक, वय 14 महिने, धाव 16 हजार किलोमीटर. रोजचा वापर पुण्यात, महिन्यातून एक फेरी कोल्हापूरला. गेल्या पाच महिन्यांत मागचा डावा टायर चार वेळा बसला. दोनदा खिळा निघाला. उरलेल्या दोन वेळा पंक्चरवाल्याने "बारीक होतं" म्हणत स्ट्रिप, म्हणजे भोकात बाहेरून कोंबायची चिकट रबरी दोरी, मारून दिली. सर्व्हिस सेंटर रस्त्यांकडे बोट दाखवतं, पंक्चरवाला म्हणतो टायरच बदला. आता नवा टायर घ्यायचा की कंपनीशी भांडायचं?

आज तरी दोन्ही नको. दोन वेळा खिळा हातात आला, ती पंक्चरं खरी. पण ज्या दोन वेळा काहीच हाती लागलं नाही, त्या वेळी नक्की काय दुरुस्त झालं हे कोणालाच माहीत नाही. एकाच टायरची हवा वारंवार जाते तेव्हा बऱ्याचदा गळती एकच असते आणि ती एकदाही सापडलेली नसते. आधी चार पंक्चरं आहेत की एक, हे ठरवा. त्याला एक प्रेशर गेज, एक खडू आणि साबणाचं पाणी पुरतं.

आधी हवा खरंच जाते का ते बघा. हसण्यावारी नेऊ नका, निम्मा गोंधळ इथेच असतो. दुपारी हायवेवरून उतरून पंपावर हवा भरली, यंत्रावर 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दिसले. त्या वेळी टायरमधली हवा 50 अंशांवर होती असं धरा. रात्रभर गाडी उभी राहिली, सकाळी तापमान 20 अंश. एक कणही हवा बाहेर न जाता तोच टायर आता साडेअठ्ठावीसच्या आसपास दाखवेल. ढोबळ हिशेब म्हणजे दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआय. म्हणून हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असावी किंवा पंपापर्यंत दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरचा घ्या. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. पंपापंपावरच्या यंत्रांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज पडतो, तेव्हा स्वतःचं डिजिटल गेज घ्या आणि दरवेळी तेच वापरा.

चारही टायर सकाळी सारखे भरा आणि आठवडाभर रोज आकडा लिहा. चारही सारखे उतरले तर ते हवामान. महिन्याला एक-दोन पीएसआय चांगल्या टायरमधूनही झिरपतात. एकच टायर दिवसाला अर्धा-एक पीएसआय सोडत असेल तर संशय व्हॉल्व्ह, रिमची कड किंवा बारीक तार यांवर. रात्रीत 33 वरून शून्यावर आला तर सरळ खिळा, चीर किंवा बुडाशी फाटलेला व्हॉल्व्ह. खड्ड्यात आपटल्याच्या क्षणी बसला तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) किंवा रिम बघा, तिथे खिळा शोधण्यात वेळ जाईल.

आता खडू. चाकाकडे घड्याळासारखं बघा आणि व्हॉल्व्हला 12 वाजलेत असं धरा. टायरवर आधी मारलेल्या स्ट्रिप शोधा. त्यांची कापलेली टोकं ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात, बारकाईने पाहिली की दिसतात. प्रत्येकीची जागा लिहून ठेवा: 3 वाजता बाहेरच्या खाचेत, 7 वाजता मधोमध, अशी. दोन स्ट्रिप अगदी शेजारी-शेजारी असतील तर दुसरी बहुधा पहिलीच्याच अपयशावरचा उपाय आहे. चारही वेगवेगळ्या ठिकाणी आणि प्रत्येक वेळी हातात खिळा, तरच रस्त्याला दोष द्यावा.

गळती घरी शोधायची तर अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घालून स्प्रेच्या बाटलीत भरा. टायरमध्ये 38 ते 40 पीएसआय हवा भरा, पण टायरवरच्या कमाल आकड्याच्या आतच राहा. तपासणी झाल्यावर परत मूळ आकड्यावर आणायचं.

सुरुवात व्हॉल्व्हपासून करा, कारण तिथे कोणी बघतच नाही. टोपण काढून तोंडावर साबणाचा थेंब सोडा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. पापुद्रा हळूहळू फुगला तर आतली पिन गळते. पिन बदलणं दोन मिनिटांचं काम. ती हलक्या हाताने घट्ट करायची, जोर लावला की सील चिरतं. मग व्हॉल्व्हची रबरी दांडी बोटाने आडवी वाकवून बुडाशी फवारा मारा. सरळ उभ्या दांडीला बुडबुडा नसतो, वाकवली की येतो. अशी गळती गाडी चालताना होते आणि पंक्चरवाल्याच्या टाकीत कधीच दिसत नाही. चाक फिरताना दांडी बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन वाकते, बुडाची चीर उघडते, गाडी थांबली की चीर मिटते.

14 महिन्यांच्या गाडीत व्हॉल्व्ह इतक्या लवकर का फाटावा? दोन कारणं नेहमी भेटतात. पहिलं, साध्या लोखंडी रिमवरचं प्लॅस्टिकचं व्हील कव्हर. त्याला व्हॉल्व्हसाठी एक खाच असते. पंक्चर काढून चाक बसवताना कव्हर बोटभर फिरवून ठोकलं की खाचेची कड दांडीवर दाबून बसते आणि पुढचे कित्येक महिने तिला घासत राहते. तुमच्या गाडीला कव्हर असेल तर आत्ताच खाली जाऊन बघा, दांडी खाचेच्या बरोबर मधोमध उभी हवी. दुसरं, टोपणाच्या जागी लावायचे टायर प्रेशरचे छोटे सेन्सर. ते काम करण्यासाठी पिन सतत दाबून ठेवतात, म्हणजे आता सगळी हवा सेन्सरच्या पातळ वॉशरच्या भरवशावर. वर त्यांचं वजन रबरी दांडीच्या टोकाला. असा सेन्सर तुम्ही गेल्या पाच महिन्यांतच लावला असेल, तर तो आठवडाभर काढून ठेवा. कदाचित पुढचं काही वाचायची गरज पडणार नाही.

व्हॉल्व्ह साफ निघाला तर रिमची कड. टायर रिमवर जिथे दाबून बसतो त्या गोलावर बाहेरून फवारा मारा. आतल्या बाजूसाठी चाक काढावंच लागतं, आणि खड्ड्याचा मार बहुतेक आतल्याच कडेला बसतो. लोखंडी रिमची कड किंचित आत दबलेली दिसेल, ती ठोकून सरळ होते. अॅलॉयचा, म्हणजे मिश्रधातूच्या रिमचा, प्रकार वेगळा. आतल्या पिंपासारख्या भागावर केसाएवढा तडा जातो आणि हवा तिथून टायरच्या मागून हळू सुटते. फेसाची बारीक रेघ उमटली तर तो तडा समजा. अॅलॉयचा तडा वेल्डिंग करून देणारे आहेत, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडतो. ज्या चाकावर कुटुंब घेऊन 100च्या वेगाने जायचं ते वेल्ड केलेलं नको. रिम बदला.

गंजामुळे कडेतून गळणं हा जुन्या गाड्यांचा आजार. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तो लवकर येतो, पुण्यात 14 महिन्यांत येऊ नये. नव्या गाडीत कडेची गळती दिसली तर ती बहुधा आधीच्या दुरुस्तीची देणगी असते: टायर मशीनऐवजी पहारीने उतरवताना कड फाटलेली असते, नाहीतर रबराचा कण, वाळू मध्ये अडकलेली असते. टायर उतरवून दोन्ही कडा पुसायच्या, रिम घासून साफ करायची, टायर चढवण्याची पेस्ट लावून पुन्हा बसवायचा. फाटलेल्या कडेला मात्र इलाज नाही.

सगळ्यात शेवटी ट्रेड. चाक हळूहळू फिरवत खाचांमध्ये फवारा मारा. पंक्चरवाल्याकडे पाण्याच्या टाकीत बघणार असाल तर एक लक्षात ठेवा: टायर बुडवला की खाचांत अडकलेली हवा आधी बुडबुडे काढते. ती संपेपर्यंत अर्धा मिनिट थांबावं लागतं आणि त्यानंतर प्रत्येक भाग काही सेकंद पाण्याखाली स्थिर धरावा लागतो. घाईच्या वेळी इतका वेळ कोणी देत नाही. पहिला बुडबुडा दिसला की तिथे सुई. नसलेल्या पंक्चरवर स्ट्रिप अशीच बसते, आणि खरं भोक तसंच राहतं.

ट्रेडमध्ये हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे तार. ट्रकचे फुटलेले रेडियल टायर हायवेच्या कडेला पडलेले असतात, त्यांच्यातून केसाहून जराशी जाड पोलादी तार सुटते. ती ट्रेडमध्ये घुसून बाहेरच्या बाजूला रबराच्या पातळीत तुटते. वरून काहीच दिसत नाही, नखालाही लागत नाही. चाक फिरताना तार आतबाहेर होते, हवा सुटते, गाडी उभी राहिली की रबर तिला आवळून धरतं. यावर उपाय एकच, टायर उतरवून आतून बघणं. कापसाचा बोळा टायरच्या आतल्या अंगावरून सावकाश फिरवायचा. जिथे तंतू अडकून राहतील तिथे तारेचं टोक आहे. हाताने चाचपू नका, तार बोटात शिरते. पक्कडीने तार पूर्ण निघाली पाहिजे. अर्धी राहिली तर तीच पुढे पॅचही फोडते.

टायर उतरवलाच आहे तर आत काळी पूड आहे का ते बघा. हवा नसताना टायर दोन-तीन किलोमीटर जरी रेटला तरी साइडवॉल दुमडून आतलं रबर स्वतःवरच घासतं आणि त्याची भुकटी होते. सोबत साइडवॉलवर आतून गोल पट्टा उमटतो. असा टायर बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आतले धागे तुटलेले असतात, वेगात फुटू शकतो. ही खूण दिसली की बाकी चर्चा संपली, तो टायर गेला. चारपैकी एखाद्या वेळी "जवळच तर आहे" म्हणत बसलेल्या टायरवर दुकानापर्यंत गेला होता का, हे आठवून बघा.

आता स्ट्रिपबद्दल. चिकट दोरीसारखी स्ट्रिप वाईट नाही. रस्त्यात अडकलात तर तिच्यासारखा दुसरा आधार नाही. तिची अडचण अशी की टायर न उतरवता ती मारतात, त्यामुळे आत काय झालंय ते कोणी पाहत नाही. खिळा तिरका घुसला असेल आणि सुई सरळ घातली तर एकाची दोन भोकं होतात. सुई दहा वेळा आतबाहेर केली की ट्रेडखालच्या पोलादी पट्ट्याच्या तारा तुटतात, त्यांत पावसाचं पाणी शिरतं आणि गंज धरतो. रबर सोल्यूशन न लावता कोरडी स्ट्रिप कोंबली तर ती दोन महिन्यांत ढिली पडते. बैलांच्या नालांचे खिळे तर अंगाने चपटे, त्यांचं भोक गोल नसतं, चिरेसारखं असतं. गोल स्ट्रिप त्यात दोन्ही टोकांना फट ठेवते. तुमची कोल्हापूरची फेरी गळीत हंगामात होत असेल आणि वाटेत साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांचा रस्ता लागत असेल, तर निघालेला खिळा गोल होता की चपटा हे विचारण्यासारखं आहे.

कायमची दुरुस्ती म्हणजे मशरूम पॅच, छत्रीसारखा. टायर मशीनवर उतरवायचा, भोक साफ करायचं, आतलं रबर पॅचच्या आकाराएवढं घासून मॅट करायचं, भुकटी पूर्ण काढायची, सोल्यूशन लावून ते चिकटसर वाळेपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं, मग दांडी आतून बाहेर खेचून पॅच रोलरने मधून कडेकडे दाबत न्यायचा. बाहेरची दांडी ट्रेडच्या पातळीला कापायची. चाक बॅलन्स करूनच गाडीला लावायचं. यात फसतं ते दोन ठिकाणी: सोल्यूशन ओलं असतानाच पॅच लावणं आणि घासलेल्या जागेला हाताचं तेल लागणं. तुमच्या टायरवरच्या दोन "बारीक" स्ट्रिप मी काढून तिथे आतून पॅच लावून घेईन. भोक 6 मिलिमीटरपर्यंतचं आणि ट्रेडच्या मधल्या भागातलं असेल तरच. ट्रेड संपून टायर वळतो त्या खांद्यावर किंवा साइडवॉलवर कुठलीच दुरुस्ती टिकत नाही, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला दुमडतो. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर चालवू नये.

आतून पाहूनही चार वेगळे खिळेच निघाले, तर मग प्रश्न जागेचा. मागच्या डाव्या चाकाला जास्त मार का? कचरा रस्त्याच्या कडेला जमतो आणि आपल्याकडे कड म्हणजे डावीकडची. आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवतं, तो उभा राहतो आणि मागच्या चाकात घुसतो. पावसाळ्यात पाणी खिळ्याला वंगणाचं काम करतं, म्हणून रबर सहज भोसकलं जातं. सोसायटीत कोणाकडे फर्निचरचं किंवा पत्र्याच्या शेडचं काम चाललंय का ते बघा. निघालेली वस्तू बोलते: काळा बारीक स्क्रू सुताराचा, षट्कोनी डोक्याचा पत्र्याचा, पिळलेली तार स्लॅबची. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून पार्किंगच्या जागेवरून आणि गेटजवळून ओढून आणा, दहा मिनिटांत उत्तर मिळेल. सकाळी टायर बसलेला दिसला म्हणून खिळा पार्किंगमध्येच लागला असं मात्र नाही. घुसलेला खिळा स्वतःच भोक बुजवून दोन-दोन दिवस हवा धरून ठेवतो. असा खिळा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो घरी उपटू नका, तसाच दुकानापर्यंत न्या.

पंक्चर काढताना समोर उभं राहा. बहुतेक कारागीर सरळ असतात, पण टाकीत टायर फिरवताना टोकदार वस्तूने दोन-तीन भोकं वाढवण्याचा धंदा हायवेवर चालतो. प्रत्येक बुडबुडा स्वतः बघा आणि निघालेली वस्तू मागून घ्या. तीच तुमची नोंद.

नायट्रोजनने पंक्चर थांबत नाहीत. साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. टायरमध्ये ओतायचं सीलंट प्रवासात अडकल्यावर ठीक, कायमचा उपाय म्हणून नको. ते गळती लपवतं, बॅलन्स बिघडवतं, आतला सेन्सर चिकटवून टाकू शकतं, आणि नंतर पॅच लावायचा म्हटलं तर आधी सगळा राडा धुवावा लागतो.

कंपनीशी भांडण्याबद्दल. टायरची वॉरंटी गाडीच्या कंपनीची नसून टायर कंपनीची असते आणि ती फक्त निर्मितीतल्या दोषाला लागते. खिळा, चीर, खड्ड्याचा फुगा त्यात बसत नाही. आतून तपासताना भोक नसलेल्या जागी हवा सुटताना दिसली, आतलं रबर सुटलेलं किंवा जोड उघडलेला दिसला, तरच दावा करा. गाडीचं बिल न्या, टायरवरचा अनुक्रमांक फोटोत घ्या. त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात: 2324 म्हणजे 2024चा 23वा आठवडा. दावा मंजूर झाला तरी उरलेल्या ट्रेडच्या प्रमाणातच भरपाई मिळते. विम्यात नुसता टायर बसत नाही; अपघातात गाडीचंही नुकसान झालं तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. टायरचं वेगळं कव्हर घेतलं असेल तरी साध्या पंक्चरचा खर्च बहुधा बाहेरच राहतो.

बदलायचाच झाला तर आधी स्टेपनी बघा. ती त्याच मापाची, पूर्ण आकाराची असेल तर तीच मागे लावा आणि नवा टायर स्टेपनीत टाका. स्टेपनीची रिम लोखंडी आणि बाकीची अॅलॉय असतील तर नट तेच चालतात का हे मॅन्युअलमध्ये तपासा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर हा मार्ग बंद. ती 80च्या वर पळवायची नाही आणि कायम वापरायची नाही.

पॅच आणि नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर सकाळी थंड टायरमध्ये स्टिकरवरच्या आकड्याएवढी हवा भरा आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या सकाळी त्याच गेजने मोजा. सातव्या दिवशी बाकीच्या तिघांइतकाच आकडा असेल तर गळती बंद झाली. नसेल तर शेवटची चाचणी: तो टायर उतरवून पुढच्या डाव्या रिमवर चढवा आणि पुढचा टायर या रिमवर, दोन्हींवर खडूने खूण करून. आठवड्याने टायरमागोमाग गळती गेली तर टायर टाकून द्या, जुन्या रिमवरच राहिली तर रिम.